कागदावरच्या घराशी बरोबरी

१६ जानेवारी १९९७
खंडाळ्याजवळ, साइटची कचेरी

अजहरभाई,

सलाम. आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ माझं शाळेत हुते तवा बी चुकायचं, आता तर शाळा सुटून दोन वरसं झाली. त्यात हे टायपाचं मशीन. एका बोटानं मारते. अक्षर शोधंपर्यंत पुढं काय लिहायचं ते इसरतं. नुसता 'ज्ञ' सापडायला एक दुपार गेली. तवा रागावू नगंस, आणि न वाचता फाडू बी नगंस.

सांगलीच्या फरशीच्या दुकानाचा पत्ता ताहेराखालाकडनं घेतला. अब्बांना ठावं न्हाई. अम्माला ठावं हाय. ती म्हणली, लिही, पर माज्या पायाचं काय लिहू नगंस. म्हणून पायाचं लिहीत न्हाई.

तुला वाटंल समीला चार माणसांत तोंड उघडता येत न्हाई, ती पत्र कुठनं लिहिणार. तोंड उघडत न्हाई म्हणूनच लिहिते.

अब्बांना काम लागलं. एक घर. तू गेल्यापास्नं दोन वरसं त्यांना कुणी मोठं काम दिलं न्हवतं. कुणाची मोरी, कुणाचा ओटा, मशिदीच्या भिंतीची डागडुजी. स्लॅबचं नाव काढलं की माणसं दुसरीकडं बघायची. आता इथं धरणात गाव गेलेल्या लोकांची नवी वसाहत हुणार हाय, बावीस घरं. आधी एकच घर नमुन्याचं बांधायचं. पुण्याच्या एका संस्थेनं घेतलंय. त्यांना चुन्यात काम करणारा गवंडी पायजे हुता आणि तसा आता अब्बांबिगर ह्या भागात कुणी ऱ्हायला न्हाई. नमुना पास झाला तर बावीसच्या बावीस अब्बांच्या हाताखाली. न्हाई झाला तर एक ठेकेदार टपून बसलाय, तो सिमेंटाचे ठोकळे आणि स्लॅब टाकून मोकळा हुणार.

आता पास म्हंजे काय ते सांगते. हसू नगंस. घराचा धूर मोजायचा हाय.

चुलीचा न्हाई. घराचा. इथं एक ताई आल्यात, ज्ञानदाताई, मूळच्या सांगलीच्याच, शिकून इंजिनेर झाल्यात. त्या म्हणतात, वीट भाजायला कोळसा जळतो, सिमेंट करायला जळतो, लोखंडाला जळतो, ट्रकाला डिझेल जळतं. म्हंजे घर उभं ऱ्हायच्या आधीच त्याचा धूर कुठंतरी होऊन गेलेला असतो. तो सगळा गोळा करून किलोत मांडायचा.

मी इथं भिंतींवर पाणी मारायला लागले हुते. पोती किती उतरली ते एक मुकादम लिहायचा आणि लिहिताना इसरायचा. मी आपली सवयीनं कोळशानं दगडावर रेघा मारत हुते. ताईंनी एकदा त्या रेघा मोजल्या, वही बघितली आणि वही माज्या हातात दिली. "इथून पुढं साइटवर आलेली प्रत्येक गोष्ट तू लिहायची. वीट, पोतं, लोखंडाची कांब, सगळं." मी मान हलवली. त्या म्हणल्या, "बोलता येतं ना?" मी परत मान हलवली.

आता खरं सांगायचं ते हे. मला वाटलं हुतं सरकारनं कायतरी एक आकडा दिला असंल, की घराचा धूर एवढ्याच्या वर जायचा न्हाई. तसं न्हाई. ताईंनी एक मोठा कागद पसरला. म्हणल्या, "समीना, हे आपल्या घराच्या शेजारचं घर." शेजारी तर माळ हाय. त्या म्हणल्या, "ते नाहीच आहे. ते मानायचं."

आपलं घर जेवढ्या फुटांचं, तेवढंच ते. तेवढ्याच खोल्या, तेवढीच दारं, तोंड बी तिकडंच. फकस्त ते असं बांधायचं जसं आजकाल सगळे बांधतात, भट्टीची वीट, सिमेंट, स्लॅब. विटा किती लागतील ते मोजायचं, पोती मोजायची, लोखंड मोजायचं, एकूण एक, पर बांधायचं कायच न्हाई. त्याचा धूर निघंल तो आपला मापदंड. मग आपण त्याच्याहून तीस टक्के कमीत घर करून दावायचं. ज्याचं घर मोठं त्याचं मानलेलं घर मोठं, ज्याचं लहान त्याचं लहान. गरिबाला बंगल्याबरोबर तोलायचं न्हाई.

भाई, तवापास्नं मी माळाकडं बघते की मला ते घर दिसतं. दारं-खिडक्यांसकट.

रोजे चालू हायत. अब्बा उपाशीपोटी परांचीवर चढतात. तुजं नाव घेत न्हाईत, पर तुजी थापी धुऊन ठिवतात.

समीना


१२ फेब्रुवारी १९९७

अजहरभाई,

तुजं कार्ड ईदच्या आदल्या दिशी आलं. दोनच ओळी, पर आलं. 'धूर मोजून कुणाचं पोट भरतं? धुराला कुठल्या काट्यावर ठिवता?' असं लिहिलंस. अम्माला वाचून दावलं. ती हसली, मग शिरखुर्म्याची वाटी तुज्या नावानं बाजूला काढली आणि ती माज्यापुढं सरकवली. मी खाल्ली.

काट्याचं इचारलंस तर काट्याचंच सांगते. आमी कोंडीबाच्या भट्टीवर गेलो हुतो. कोंडीबाला तू ओळखतोस, तोच, वीट हातात घेऊन नखानं वाजवतो तो कुंभार. ताईंनी इचारलं, "कोंडीबा, एक लाख विटांना कोळसा किती?"

तो म्हणला, "बाई, भट्टी किती खाईल ते भट्टीलाच ठावं. मी काय तिचं ताट मोजत न्हाई."

"पण मागवता किती?"

"संपला की मागवतो."

ताई हटल्या न्हाईत. तीन दिवस तिथं बसून आमी कोळशाची गाडी न गाडी लिहिली. लाख विटांना वीस टन निघालं. म्हंजे एका विटेमागं दोनशे ग्रॅम. दोन मुठी. कोंडीबाच आ वासून बघत ऱ्हायला. म्हणला, "माजा बा आणि मी मिळून डोंगर जाळला की मग."

आता पुढचं ऐक, आणि काटा बिघडलाय असं लगेच म्हणू नगंस. ताई म्हणल्या, दोनशे ग्रॅम कोळसा जळला की चारशे ग्रॅम वायू निघतो. मी पयल्यांदा तोंड उघडलं ते तवा. म्हणलं, आवं, जळल्यावर वस्तू कमी हुते, दुप्पट कशी हुईल?

त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी तिथंच राखंत बोटानं लिहून दावलं. कोळशात जो खरा जळणारा भाग हाय, त्याला कार्बन म्हणतात. तो जळताना एकटा जात न्हाई. हवेतला प्राणवायू धरून जातो, आणि तो त्याच्यापेक्षा जड. बारा किलो कार्बन गेला तर चव्वेचाळीस किलो होऊन वर जातो. आपला कोळसा राखट, त्यात कार्बन निम्म्याहून थोडाच जास्त, म्हणून आपल्याकडं दुप्पटीवर भागतं.

मी हवेला कवा वजन दिलंच न्हवतं, भाई. हवा म्हंजे काय न्हाई असंच धरून चालले हुते. परत येताना सायकलीवर मला वाटत हुतं की सगळं आभाळ आपल्या खांद्यावर टेकलंय.

अजून एक. भट्टीचा काळा धूर दिसतो ना, ज्यानं आपले डोळे चुरचुरतात, तो आमी मोजतच न्हाई. मोजतो तो दिसत न्हाई, त्याला वास न्हाई, डोळ्यात जात न्हाई. कोंडीबा म्हणला, "म्हंजे जो त्रास देतो त्याला सोडला, आणि गरीब बिचारा गुपचूप जातो त्याला धरला." ताई म्हणल्या, "कोंडीबा, काळा धूर पावसानं खाली येतो. हा गुपचूप जातो तो शंभर वर्षं वर राहतो." त्यावर कोंडीबा वीट वाजवायला बी इसरला.

तू फरशी कापतोस त्या फरशीला भट्टी किती लागते ते तुज्या शेठला इचार. मला लिही.

समीना


२१ मार्च १९९७

अजहरभाई,

आता दोन बोटांनी मारते, म्हणून हे पत्र मोठं हुईल.

आकडे पक्के झाले. तू गवंडी हायस म्हणून सगळे लिहिते, दुसऱ्या कुणाला मी ते सांगितले तर झोपंल. कागदावरच्या घराला ९,००० विटा, त्याचा वायू ३,६०० किलो. सिमेंटाची १०० पोती, त्याचा ४,५००. लोखंड ३५० किलो, त्याचा सुमारे ९००. ट्रक-बिक २००. एकूण ९,२००. त्यातनं तीस टक्के वजा, ऱ्हायले ६,४४०. हे आमचं उद्दिष्ट. ह्याच्या खाली ऱ्हायचं. ऱ्हायला गेल्यावर जो दिवा-पंखा जळंल त्याचा येगळा कागद हाय, तो आत्ता धरायचा न्हाई.

मी इचारलं, तीसच का? (आता मी इचारते.) ताई म्हणल्या, "पाच माणसांनी पुण्यात बसून ठरवलं. दहा म्हटलं तर कुणी काही बदलत नाही. साठ म्हटलं तर कुणी घर बांधायलाच घेत नाही. तीसला माणूस घाम गाळतो पण पळून जात नाही." डिसेंबरात जपानात सगळ्या देशांची मोठी सभा हाय म्हणं, तिथं बी असंच बसून ठरवणार, कुठल्या देशानं धूर किती कमी करायचा. आपल्यावर सक्ती न्हाई. पर ताई म्हणल्या, "सक्ती झाल्यावर शिकायला बसायचं का?"

सिमेंटाचं तुला ठावं नसंल. एक पोतं पन्नास किलोचं आणि त्याचा वायू पंचेचाळीस किलो. पोत्याएवढंच दुसरं पोतं हवेत जातं म्हण. त्यातला निम्मा तर कोळशाचा बी न्हाई. तो दगडातलाच असतो. चुनखडीत कोंडून बसलेला, भाजली की सुटतो.

मग ताईंनी अब्बांना इचारलं, "जाफरभाई, तुमच्या चुन्याचंही तसंच ना? तोही दगड भाजूनच करतात."

अब्बा घाणीपाशी हुते, बैल फिरत हुता, चुना मळला जात हुता. त्यांनी वर न बघता सांगितलं, "भाजताना दगडाचं जे जातं ते भिंतीत परत येतं, ताई. चुना म्हातारा हुतो तसा परत दगड हुतो. माज्या आज्याच्या हातचा चुना हाय मशिदीत, छिन्नी लागत न्हाई."

ताई माज्याकडं वळल्या. मग मला म्हणल्या, "हे मी पुस्तकात वाचलंय. चुना हवेतला तोच वायू परत ओढून घेतो. वर्षानुवर्षं. यांना कुणी सांगितलं?"

अब्बा म्हणले, "चुन्यानं."

भाई, आता मी गिलाव्यावर हात ठिवते तवा वाटतं भिंत हळूहळू श्वास आत घेतीया, नुसता आत. आपण मरून जाऊ तवा बी घेत असंल. कागदात मात्र ते धरायचं न्हाई. ताई म्हणल्या, "पन्नास वर्षांनी परत येणारं आज वजा केलं तर ती स्वतःचीच फसवणूक." मला ते लय पटलं आणि लय वाईट बी वाटलं.

आपल्या घराच्या भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, त्याला कोळसा न्हाई. कोपऱ्यांना आणि खिडक्यांना तेवढी १,५०० भाजकी वीट, ६०० किलो. चुन्याचे २,४००. वर कौलं, त्याचे १,०००. लोखंड २५०, ट्रक ३००. सिमेंट फकस्त तीस पोती, पायाला आणि भिंतींच्या डोक्यावरच्या पट्ट्याला, ज्याच्यावर छपराचं ओझं येतं त्या. त्याचे १,३५०. एकूण ५,९००. उद्दिष्टाच्या ५४० खाली. वही माजी हाय, मोजणी माजी हाय. ताई सगळ्यांना सांगतात, समीनाच्या वहीवर मी डोळे मिटून सही करते.

घाणीमागं ताडपत्रीखाली जुनं सामान पडलं हुतं, ते अब्बांचंच, ते ह्यात धरलं न्हाई.

साळूबाई रोज येऊन बघून जाते. नमुन्याचं घर तिला मिळणार हाय. काल म्हणली, "पोरी, तुजं ते कागदावरचं घर बरंय. झाडाया लागत न्हाई."

समीना


३ मे १९९७

अजहरभाई,

तुजं दुसरं कार्ड मी सहा दिवस बाळगलं. कुणाला दावलं न्हाई, अम्माला बी न्हाई.

तू लिहिलंस, 'तुज्या आकड्यात पट्टा बसत न्हाई. अब्बा एवढ्या सिमेंटात पट्टा घालणार न्हाईत, आता तर न्हाईच. खरं लिही.'

मला वाटलं हुतं आकडे बघून तू शाबास म्हणशील. तू बघितलास तो पट्टाच.

तर खरं. ताडपत्रीखाली पंधरा पोती सिमेंट हुतं. अब्बांनी आपल्या मजुरीतनं आणलं, बैलगाडीनं, दोन खेपा. ताई सकाळी नवाला येतात, अब्बा सातलाच सिमेंट-वाळूचा माल कालवायला बसायचे. परात भरली की ठरलेल्या पाट्या टाकायच्या, मग इकडंतिकडं बघून अजून अर्धी. मी बघितलं. त्यांनी बी बघितलं की मी बघितलं. म्हणले, "समी, ह्याची रेघ मारू नगंस. हे माजं हाय, संस्थेचं न्हाई." मी इचारलं, आवं अब्बा, ताईंनी माप दिलंय की. ते म्हणले, "ताईंनी माप दिलंय. ताईंवर छत पडलेलं न्हाई."

मग मी काय बोलू. सांग तू.

पंधराला पंचेचाळीसनं गुणलं तर ६७५ हुतात. ५,९०० त ६७५ घातले तर ६,५७५. उद्दिष्ट ६,४४०. हे गणित मी पट्ट्याचं काम संपलं त्याच दिशी केलं हुतं. तुला मार्चात पत्र लिहिलं तवा मला ठावं हुतं.

कुणालाच दिसणार न्हाई, भाई. पट्टा गिलाव्याखाली गेला. वायू तर दिसतच न्हाई, तो कुठल्यातरी कारखान्यात कवाच होऊन गेला. माज्या वहीत नसला तर तो कुठंच न्हाई. ह्याच गोष्टीचं मला भ्या वाटायला लागलंय. एवढी मोठी गोष्ट, आख्ख्या जगाची सभा भरणार त्या गोष्टीवर, आणि ती माज्या एका पेन्सलीवर टांगलेली हाय.

चोवीस तारखेला पुण्याचे मोठे साहेब येणार, आकडा वाचणार, बावीस घरांचं ठरवणार.

मी सांगणार न्हाई. तू खरं बोलला हुतास. त्या दिशी स्लॅबच्या मालाला तू हुतास, तू म्हणला हुतास की सिमेंट कमी पडतंय, अब्बा म्हणले गप ऱ्हा, ठेकेदारानं एवढंच दिलंय. फळ्या काढल्या तवा अम्मा खाली पाणी भरत हुती. मग तू सगळ्या आळीत उभा ऱ्हाऊन बोललास. एक शबुद खोटा न्हवता. त्यानं काय झालं, तू सांगलीत, अब्बा मोऱ्या बांधत, आणि मी आठवीतनं घरी. मला बावीस घरं पायजेत. मला अब्बा परत परांचीवर ताठ उभे ऱ्हायलेले बघायचेत.

असं लिहिलंय खरं. पर ताईंनी आज परत वहीवर न बघता सही केली आणि मला ती सही बघवंना.

समीना


२५ मे १९९७

अजहरभाई,

काल झालं. पयलं ते सांगते, मग बाकीचं. घर नापास झालं. १३५ किलोनं.

आता नीट सांगते.

मोठे साहेब आले, बरोबर चार जण. गावचे नानासो बी हुते, साळूबाई हुती, तो ठेकेदार बी येऊन मागं उभा हुता. दारापुढं मांडव घातलेला. ताईंनी आधी कागदावरचं घर दावलं, मग आपलं. साहेबांनी आकडा मोठ्यांदा वाचला, पाच हजार नऊशे. टाळ्या झाल्या. अब्बा टोपी सारखी करत उभे ऱ्हायले. साहेब म्हणले, "ही नोंद कुणी ठेवली?" ताईंनी मला म्होरं ओढलं.

मी म्हणले, पंधरा ऱ्हायली.

कुणाला ऐकूच गेलं न्हाई. साहेब म्हणले, "काय म्हणते?" मी परत म्हणले. ताई वाकल्या. तिसऱ्यांदा तर माजा आवाज निघंनाच. तवर अब्बा मागनं चालत आले आणि माज्या शेजारी उभे ऱ्हायले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "ती म्हणती, पंधरा पोती लिहायची ऱ्हायली. तिची चूक न्हाई. माजी हायत. मी घातली."

ठेकेदार हसला. ताईंचं तोंड बघवत न्हवतं. त्या खाली बसल्या, पेन्सल घेतली आणि तिथंच गुणाकार केला. मला तो उत्तरासकट पाठ हुता, तरी मी बघत ऱ्हायले. ६,५७५ लिहिलं. त्याच्याखाली रेघ मारली.

साहेब म्हणले, "का घातली?"

अब्बा म्हणले, "पुरंल का न्हाई, भरवसा न्हवता."

"आम्ही माप काढून दिलं होतं."

"आवं साहेब, माप कागदावर ऱ्हातं. माज्या बायकोच्या पायावर छत पडलं ते कागदावर न्हवतं."

पायाचं लिहायचं न्हाई म्हणले हुते, पर अब्बाच बोलले तर मी काय करू.

साळूबाई मधीच म्हणली, "आवं, ह्या घरात मी ऱ्हायचंय. मला चार पोती जास्त चालतील, धूर जाऊ दे तिकडं." लोक हसले, ताई बी थोडं हसल्या. मग उठल्या आणि म्हणल्या, "जाफरभाई, चला, एक बघू."

एप्रिलात ताईंनी घरामागं तसाच एक पट्ट्याचा तुकडा ओतून ठिवला हुता, दोन दगडांवर टेकवून, त्यांच्या मापाचा, एक पाटी जास्त न्हाई. त्याच्यावर वाळूची पोती चढवायला लावली. छपराचं जेवढं ओझं येणार तेवढी झाली तवा ताई म्हणल्या, "हे तुमचं छप्पर." मग अजून चढवली. "हे दुसरं छप्पर." पट्ट्यानं काय केलं न्हाई. अब्बा गुडघ्यावर बसले, खालनं हात फिरवला, पार ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर. तडा कुठं लागतो का बघत हुते. मग तिसरं छप्पर चढवलं.  ठेकेदार बी म्होरं येऊन बघत हुता.

भाई, मला ते सांगता येत न्हाई नीट. कुठलीतरी एक बरोबर मात्रा असते आणि ती आधीच काढता येते, वही-पेन्सलीनं, पुण्यात बसून, आणि मग हितं खंडाळ्याच्या माळावर तीन छपरं तिच्यावर टेकतात आणि ती हालत न्हाई. मला कुणीतरी कुराणशरीफ पयल्यांदा हातात दिलं हुतं तवा जसं झालं हुतं तसं झालं.

अब्बा तिथंच बसून ऱ्हायले. म्हणले, "म्हंजे एवढ्यात भागतं."

ताई म्हणल्या, "भागतं."

"मग त्या टायमाला बी एवढंच लागत हुतं."

ताईंना कळलं न्हाई, कुठला टायम. मला कळलं. अब्बा कुणाकडं न बघता बोलत हुते. म्हणले, "एवढं बी मी घातलं न्हवतं. पोरगं सांगत हुतं, कमी पडतंय, कमी पडतंय. मी म्हणलं गप ऱ्हा. पोरगं खरं बोलत हुतं." एवढं बोलून त्यांनी हाताची वाळू झाडली. नानासो हुते, साळूबाई हुती, त्या आळीतली दोन माणसं बी हुती. सगळ्यांनी ऐकलं. तू बोललास तवा जेवढ्यांनी ऐकलं हुतं त्याहून जास्तच असतील.

साहेबांनी नापासच लिहिलं. ताईंनीच सांगितलं लिहायला, १३५ जास्त, कारणासकट. म्हणल्या, "पास झालेला खोटा आकडा मी बावीस घरांना लावला असता, आणि मग बावीस घरांचा हिशोब खोटा. हा चुकलेला आकडा मला वापरता येतो."  संध्याकाळी जाताना वही उघडली, तीस पोत्यांच्या खाली पंधरा माज्याच हातनं लिहून घेतली आणि मग सही केली. ह्या वेळंला आधी वाचून.

बावीस घरांचं आता ठरलं न्हाई. पावसाळा सरल्यावर दुसरं नमुन्याचं घर करायचं, तेवढंच, त्याच मापात. ठेकेदाराला बी थांबायला सांगितलंय. साहेबांनी अब्बांना इचारलं, "या वेळी मापात कराल?"

अब्बांनी परत एकदा पट्ट्यावर हात ठिवला. मग म्हणले, "डोक्याला पटलं, साहेब. हाताला पटलेलं न्हाई. मालाच्या परातीला मी न्हाई बसायचो, माजा हात जास्तच टाकंल. तिथं माजा थोरला पायजे. त्यानं टाकलं तर तेवढंच पडतं, ना कमी ना जास्त."

साहेब म्हणले, "मग बोलवा त्याला."

अब्बा म्हणले, "मी कसा बोलवू." आणि माज्याकडं बघितलं. म्हंजे त्यांना पत्रांचं ठावं हाय. कवापास्नं ठावं हाय कुणास ठावं.

तर हे बोलावणं हाय असं समज. नवरात्राच्या आसपास काम सुरू हुईल. तोवर तुला तुज्या शेठला सांगता येईल. न्हाई आलास तरी कार्ड टाक, पर मला वाटतं तू

मधीच थांबले. नानासोंच्या विहिरीत तरस पडलंय. पोरं वरडत गेली, ताई बी पळाल्या, सगळं गाव दोर घेऊन तिकडं चाललंय. पत्र असंच पाकिटात घालते, ऱ्हायलेलं तू आल्यावर सांगते. मी बी निघाले.